सतराव्या विहिरीचे तीन रकाने

सिल्व्हर नायट्रेटचा डाग पाण्याने जात नाही. साबणाने जात नाही. तो कातडीबरोबर झडतो, आणि कातडीला घाई नसते. पंचेचाळीस वर्षांपूर्वी माझ्या उजव्या हाताच्या तीन बोटांवर तो सलग चार वर्षे होता. आधी काहीच दिसत नाही. उन्हात गेले की बोटे तांबूस होतात, मग तपकिरी, मग काळी. मेसमधला वाढपी माझे हात पाहून ताट दुरून सरकवी.

गेल्या पौषात मी पुन्हा कोल्हापूरच्या त्या प्रयोगशाळेत उभा राहिलो. भिंतींना नवा रंग होता, दिवे नवे होते, यंत्रांवर प्लास्टिकची आवरणे होती. खिडकीखालचे सिंक मात्र तेच होते. त्याच्या कडेला काळपट पट्टा होता. तिथे आम्ही पिपेट धूत असू. मी त्यावरून बोट फिरवले. डाग गुळगुळीत लागला. बाहेर माळावर मोर ओरडला. तोही तसाच ओरडला, माणसाने दुरून हाक मारावी तसा.

मला बोलावणारी मुलगी अश्विनी. कोडोलीची. तिथे पीएच.डी. करते, विषय तोच, जो एके काळी माझा होता: कृष्णाकाठच्या शेतविहिरींतल्या पाण्याची पातळी आणि त्या पाण्यातले क्षार. माझा प्रबंध तिला ग्रंथालयाच्या तळघरात मिळाला. काळे रेक्झिन, सोनेरी अक्षरे. मागच्या कागदावर तो कोणी नेल्याची एकही नोंद नव्हती, हे तिने फोनवर सहज सांगितले. मग विचारले, मूळ वह्या आहेत का.

नाहीत, असे म्हणता आले असते. वाळवी लागली, पुरात गेल्या, बायकोने रद्दीत घातल्या. यांपैकी काहीही चालले असते. मी म्हणालो, आहेत.

वह्या पत्र्याच्या पेटीत, कडुलिंबाच्या पाल्यात होत्या. तिसरी वही उघडली तेव्हा एका पानातून पोस्टकार्ड खाली पडले. ते मी उचलून खिशात ठेवले, आणि वही तिच्यासाठी कापडात बांधली.

त्या काळचे विद्यापीठ म्हणजे वारा. गावाबाहेरच्या उघड्या माळावर चार दगडी इमारती, मध्ये लांब रिकामे रस्ते, आणि त्या रस्त्यांवर वाऱ्याशी भांडत जाणारी आम्ही मुले. मी मलकापूरकडचा. आमच्याकडे पावसात महिना महिना सूर्य दिसत नाही; इथे आकाशच आकाश होते. हिवाळ्यात पूर्वेकडच्या गुऱ्हाळांचा वास येई. उकळत्या रसाचा, जळत्या चिपाडांचा, किंचित करपलेला. त्यात प्रयोगशाळेतल्या आम्लाचा वास मिसळे. आजही कुठे काकवी उकळताना दिसली की माझ्या घशात आम्ल येते.

सकाळी सातला दार उघडे. पाणी ऊर्ध्वपातनाच्या भांड्यातून थेंब थेंब पडत असे, आणि तो आवाज दिवसभर चालू राही. क्रोमेट घालून पिवळ्या केलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब सोडायचा, फ्लास्क हलवायचा. थेंब विटकरी फुलून विरून जाई. पुन्हा थेंब. एक क्षण असा येतो की विटकरी रंग विरत नाही. तिथे थांबायचे. पाण्यात मीठ किती, ते त्या थांबण्यावरून कळते. एक थेंब जास्त पडला तर सगळे पुन्हा. थांबायचे कुठे हे मला चांगले कळते, असे माझे मार्गदर्शक म्हणत.

त्यांना सगळे नुसते सर म्हणत. पांढरा सदरा, तोंडात लवंग. ते आत आले की आधी लवंग येई, मग ते. कमी बोलत. विद्यार्थ्याची वही ते वाचत नसत, तपासत: पानावरून बोट खाली खाली नेत, आणि रकाना रिकामा दिसला की बोट तिथे ठेवून विद्यार्थ्याकडे पाहत. त्यांचे एकच वाक्य मी शंभरदा ऐकले असेल. रिकामा रकाना म्हणजे न केलेले काम. पान भरलेले असेल तर कोपऱ्यात सही करीत. ती सही झाली की त्या पानावर पुढे कोणी शंका घेत नसे. आम्ही नाही, परीक्षक नाही, गावकरी तर नाहीच. त्यांनी कुणाला खोटे लिहायला सांगितले नाही. हे नोंदवून ठेवतो.

विहिरी सतरा होत्या आणि मोजायच्या अमावास्येला. ही योजना सरांचीच. अमावास्येला त्या भागात कुणी बैल जुंपत नसे. पुढे मोटा गेल्या, इंजिने आली, तरी त्या दिवशी इंजिनेही बंद ठेवीत. उपसा नाही म्हणून पाणी विसावलेले असे. विसावलेल्या पाण्याचीच पातळी खरी. हे शास्त्र सरांनी पुस्तकातून घेतले नव्हते. एका गाडीवानाकडून घेतले होते, आणि तसे ते मोकळेपणाने सांगत.

महिन्यातून एकदा पहिल्या एसटीने मी शिरोळच्या बाजूला जाई. फाट्यावरच्या दुकानातून सायकल घेई. मागे गवत घातलेली पेटी, पेटीत सतरा बाटल्या. खडबडीत रस्त्याला त्या किणकिणत. त्या दिवशी शिवारात दुसरा आवाज नसे. इंजिनांची धडधड थांबली की किती मोठी पोकळी उरते, ते ज्याने ऐकले त्यालाच कळेल. ऊस उभा असे, पाने हलत, माणूस दिसत नसे. टिटवी मात्र माझ्या पुढे पुढे ओरडत जाई, जणू कुणाला तरी वर्दी देत होती.

काम साधे होते. टेपच्या टोकाला निळा खडू घासायचा, टेप विहिरीत सोडायची, डुबकी ऐकायची, वर ओढायची. खडू जिथवर भिजला तिथवर पाणी. आकडा वहीत. मग बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून भरायची, चिठ्ठी चिकटवायची, पुढची विहीर.

सतरावी शेवटची. ती ओढ्यापलीकडे होती. ओढा ओलांडला की उताराचे शेत, आणि उताराच्या पायथ्याशी ती विहीर. काळ्या दगडाची, गोल, फार जुनी. शेत श्रीपतीच्या वडिलांचे. श्रीपती विभागात माझ्या एक वर्ष मागे, त्याच सरांकडे. अंगाने पैलवान, हाताने हलका. थेंब सोडणाऱ्या ब्युरेटची तोटी त्याच्याइतकी हळुवार कुणी फिरवीत नसे. मला तो नावाने हाक मारीत नसे. मलकापूर म्हणे. तुमच्याकडं पाऊस मोजत न्हाईत, नुसता सोसत्यात, असे सगळ्या मेसला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगे.

त्याच्या वडिलांना आबा म्हणत. मी टेप सोडायच्या आधी आबा स्वतः पायऱ्या उतरून जात, ओंजळीने पाणी घेऊन चूळ भरत, तोंडात घोळवीत, आणि थुंकून वर येत. मग विचारीत, "काय म्हणतंय पावणं, पाणी?" मी आकडा सांगे. ते मान हलवीत. "गोड हाय अजून," म्हणत. अजून हा शब्द ते दर वेळी म्हणत. मी तो पुष्कळ उशिरा ऐकला.

त्यानंतर जेवण. सतराव्या विहिरीवरून कुणी उपाशी गेला असे घडलेले नव्हते. ज्वारीची भाकरी, मिरचीचा खरडा, दही. सावली लांब होईपर्यंत आबा पाण्याविषयी बोलत. नदीच्या बाजूने कालवा आला, वरच्या अंगाला ऊस वाढला, बारमाही पाणी सुरू झाले. वर दिलेले पाणी जाते कुठे, हा त्यांचा प्रश्न होता. विद्यापीठात तो प्रश्न आम्ही चार पानांत मांडला होता. आबा तो एका भाकरीत मांडीत.

तिसऱ्या वर्षी श्रावण फार कोसळला. अमावास्येला मी सोळा विहिरी मोजल्या आणि ओढ्याशी थांबलो. पाणी छातीभर, गढूळ, त्यात उपटलेली बाभळीची फांदी गोल गोल फिरत होती. परतलो. रकाना रिकामा राहिला. भाद्रपदात ओढा कमरेइतका होता. कुणी उतरले असते. मी उतरलो नाही. सरांनी पान तपासले, दोन रिकाम्या रकान्यांवर बोट ठेवले, माझ्याकडे पाहिले, वही मिटली. सही केली नाही. दिवसभर माझ्या नाकात लवंग राहिली.

आश्विनातली अमावास्या म्हणजे लक्ष्मीपूजन. एसटी रिकामी होती. सोळावी विहीर मोजून झाली तेव्हा दुपार होती. ओढ्याला घोटाभर पाणी उरले होते. तळाचे गोटे दिसत होते. मी चपला काढून हातात घेतल्या. थोडा वेळ उभा राहिलो. मग त्या पुन्हा पायात घातल्या.

कारण सांगत नाही. सांगण्यासारखे नाही.

काठावरच्या बाभळीखाली बसून मी मागच्या वर्षीचे पान उघडले. सतराव्या विहिरीचे श्रावण, भाद्रपद, आश्विन: नऊ हात खोल, नऊ, साडेनऊ. वहीत मीटर होते, पण माझ्या आठवणीत हातच राहिले आहेत, कारण आबांना मी हातात सांगत असे. त्या आकड्यांत किंचित इकडेतिकडे करून मी ते तीन रकाने भरले. शाई तीच, अक्षर तेच. बाटली नव्हती, तरी पुढे तिच्यातल्या मिठाचा आकडाही लिहिला. ओढ्यापलीकडे उसात कुणीतरी खोकले. मी सायकल उचलली.

दिवाळीच्या सुटीनंतर सरांनी पान तपासले. बोट खाली गेले, कुठेही थांबले नाही. सही झाली.

त्याच आठवड्यात श्रीपती गावाहून आला. फराळाचा डबा घेऊन माझ्या खोलीत आला. करंज्यांना तुपाचा आणि धुराचा वास होता. श्रावणापासून तो गावीच होता, आबांची तब्येत ठीक नव्हती म्हणून. डबा ठेवून त्याने खिशातून चिठ्ठी काढली. तू काय आला न्हाईस, म्हणाला. म्या दोर सोडून मोजून ठेवलंय, तीनही अमावास्यांचं. विहिरीच्या दगडावर छिन्नीनं खुणा बी मारल्यात. चिठ्ठीवर होते: सात, साडेसहा, सहा.

पाऊस थांबल्यावर पाणी उतरते. हे पाणी पाऊस थांबल्यावरही चढत होते.

तो बोलत राहिला. आबा उताराच्या शेतातून ओढ्यापर्यंत चर खणायला घेत होते, साठलेले पाणी काढून देण्यासाठी. निम्मा खणून झाला होता. भावकी हसत होती. भर उसातून चर म्हणजे दोन सरींचं नुकसान. आबांनी सांगून पाठवले होते: वहीत काय हाय ते बघून ये. वही म्हणती तसं करू.

मी वही उघडून दाखवली.

तो पानाकडे बराच वेळ पाहत राहिला. आकड्यांकडे नव्हे, कोपऱ्यातल्या सहीकडे.

"तू आलतास?"

"आलो होतो. तुम्ही कुणी विहिरीवर नव्हता."

"व्हय?" तो म्हणाला. मग, "जेवला न्हाईस."

"घाई होती."

त्याने चिठ्ठीची घडी केली. घडीवर घडी. "ओला दोर आखडला असंल," म्हणाला. "म्या खुळ्यावानी दोरानं मोजत बसलो." आणि हसला. डब्यातली करंजी काढून त्याने माझ्या हातावर ठेवली. माझी बोटे त्या दिवशी सगळ्यांत काळी होती.

चर तिथेच थांबला.

कार्तिकातल्या अमावास्येला मी ओढा ओलांडला. आबा पायऱ्या उतरले. त्यांनी पाणी नेहमीपेक्षा जास्त वेळ तोंडात धरले. थुंकले. वर आले. पाणी काय म्हणतंय, असे त्या दिवशी त्यांनी विचारले नाही. मी टेप सोडली. खडू लवकर भिजला. मी आकडा लिहिला, खरा लिहिला. पण तो मागच्या तीनांशी जुळेना. प्रबंध लिहिताना मी त्याला अवेळी पावसाचे कारण दिले. एक ओळ पुरली.

विहिरीच्या आतल्या दगडांवर, पाण्याच्या जरा वर, एक पांढरी रेघ आली होती. भांड्यात दूध आटून कडेला राहते तशी. मी ती पाहिली. आबांनी मला ती पाहताना पाहिले. त्या दिवशीचे जेवणही तसेच होते. दही मला खारट लागले. ते खारट नव्हते.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक मोठे विनोदी गृहस्थ होते. आलेखांवरून चष्मा फिरवीत ते सतराव्या विहिरीशी थांबले. ही विहीर फार शिस्तीची दिसते, म्हणाले, वर्षभर अभ्यास केलेल्या मुलासारखी. सगळे हसले. सरही हसले, त्यांना हसताना मी तेवढे एकदाच पाहिले. बाहेर आलो तेव्हा टोळक्यात सर्वांत मोठ्याने माझे अभिनंदन करणारा श्रीपती होता. पेढे त्यानेच आणले होते. मलकापूर डॉक्टर झालं, असे तो जिन्यात ओरडला आणि ते तीन मजल्यांवर घुमले.

पुढचे थोडक्यात सांगतो. मला दूरच्या एका महाविद्यालयात जागा मिळाली. बोटांचे डाग एका उन्हाळ्यात झडले. श्रीपतीने संशोधन अर्ध्यावर सोडले. आबा गेल्याचे मला वर्षाने कळले. सर गेले तेव्हा मी आलो नाही. आणि श्रीपतीचे एक पोस्टकार्ड आले, जांभळ्या पेन्सिलीने लिहिलेले. ‘उताराखालची जमीन पांढरी व्हाय लागलीय. बी उगवत न्हाय. वही बघून कळव, पाणी कधीपासनं वर आलं आसंल.’

माझा पत्ता त्याने विभागातून मिळवला होता. त्याला वहीच हवी होती. मी ते कार्ड त्या तीन रकान्यांच्या पानात ठेवले. उत्तर लिहिले नाही. वही पेटीत गेली, आणि पेटीवर एकेक करीत संसाराच्या पुष्कळ वस्तू आल्या.

पौषातल्या त्या दिवशी अश्विनीने मला तिच्या संगणकावर नकाशा दाखवला. कृष्णाकाठचा पट्टा, त्यावर हिरवे आणि तांबडे ठिपके. ती शांत, नेमकी बोलते. जमिनीखालून पाणी काढून देणाऱ्या नळांची योजना होती. सगळीकडे एकदम होणार नव्हती. पाणी जिथे सर्वांत आधी चढले तिथून सुरुवात. जिथे ते मागाहून आले ते गाव मागाहून. पाणी आधी कुठे चढले, हे सांगणारा पुरावा एकच होता. माझा प्रबंध.

सतरावा ठिपका हिरवा होता.

"हे शेवटी येतं, सर," ती म्हणाली. "तुमच्या आकड्यांवरून तिथं पाणी सगळ्यांच्या मागनं वर आलेलं दिसतं, कार्तिकातली वाढ तुम्ही अवेळी पावसाची धरलीय. तिथली माणसं वेगळंच सांगत्यात. पण माणसांच्या आठवणीवर नकाशा करता येत नाही की."

येत नाही, मी म्हणालो.

फाल्गुन लागताच तिचे अंतिम सादरीकरण होते. समितीसमोर, आणि योजनेचे अभियंते समोर बसणार होते. तिचे मार्गदर्शक येऊन मला नमस्कार करून गेले. अशा वह्या आता कोण ठेवतो, असे म्हणाले. एकही खाडाखोड नाही. मी चहा घेतला.

जाताना तिने विचारले, माघातल्या अमावास्येला ती शेवटची मोजणी करणार आहे, मी येईन का. तुमच्याच वाटेनं जाऊ, सर. तुम्ही बसा की गाडीत निवांत, मोजायचं मी बघते.

आता अमावास्येला कुणी थांबत नाही. मोटारी चालूच असतात. त्या आपोआप सुरू होतात, आपोआप बंद होतात, शेतकरी घरी असतो. ओढ्यावर मोरी झाली आहे. गाडी चाक न भिजवता पलीकडे गेली. उताराच्या वरच्या अंगाला ऊस होता. खाली उतरू लागलो तसा तो बुटका होत गेला, पिवळा होत गेला, मग लव्हाळा आला, आणि मग काहीच नाही. पांढरे. माघातल्या उन्हात डोळे मिटावे लागतील असे पांढरे. पाय ठेवला की वरचा क्षाराचा पापुद्रा कर्रकन मोडे आणि खाली चिखल निघे. टिटवी नव्हती. त्या पांढऱ्यातून एक उथळ खळगा ओढ्याच्या दिशेने येत होता आणि मध्येच संपत होता.

तो चर होता.

विहिरीच्या कठड्यावर श्रीपती बसला होता. अश्विनीने त्याला फोन केलेला असावा. पैलवानी हाडे तेवढी उरली होती. त्याने मला ओळखायला वेळ घेतला नाही.

"या, मलकापूर," तो म्हणाला. "लई उशीर केलासा."

तो अश्विनीला विहीर दाखवू लागला. वीस वर्षांपूर्वी मोटार काढली. उपसा नाही. पाणी कायमचे विसावलेले. त्या बाजूच्या दगडावर त्याने छिन्नीने तीन खुणा मारल्या होत्या, तरुणपणी, श्रावण ते आश्विन. आता त्या पाण्याखाली गेल्या, दिसणार नाहीत. तिने वही काढली. त्या खुणा कोणत्या खोलीवर होत्या ते विचारले.

"त्या धरू नगा, बाई," तो म्हणाला. "त्या चुकीच्या हुत्या. माझा दोर ओला हुता. वही बरोबर हाय. सरांची सही हाय तिच्यावर."

पंचेचाळीस वर्षे तो हे सांगत आला होता. माझ्याइतक्याच खात्रीने त्याने माझी वही सांभाळली होती. खुणा पाण्याखाली होत्या, चिठ्ठी कधीच गेली असेल, सर नाहीत, आबा नाहीत. मी गप्प राहिलो असतो तर ते कुणालाही कधीही कळले नसते. इतके निर्धोक मौन आयुष्यात क्वचित मिळते.

मी खिशातले पोस्टकार्ड काढून कठड्यावर ठेवले.

"दोर बरोबर होता," मी म्हणालो. "वही खोटी आहे. त्या तीन अमावास्यांना मी ओढा ओलांडला नाही. ते तीन आकडे मी पलीकडच्या काठावर बसून लिहिले."

वरच्या शेतातली एक मोटार आपोआप सुरू झाली. अश्विनी माझ्याकडे पाहत होती, मग नकाशाकडे, मग त्या पांढऱ्या उताराकडे. तिचे ओठ काही हिशेब करीत होते.

"म्हणजे पाणी पहिल्यांदा इथंच चढलं," ती म्हणाली. "सर, माझा नकाशा उलटा होतो."

"होतो."

"सादरीकरणाला दोनच दिवस उरलेत." तिने वहीचे पान काढले. "या तीन रकान्यांत काय लिहू?"

सात, साडेसहा, सहा मला पाठ होते. ते आकडे मी कोणत्याही रात्री झोपेतून उठून सांगू शकलो असतो. पण ते माझ्या तोंडून जायचे नव्हते.

"माझे काढून टाका. रकाने रिकामे ठेवा. का रिकामे, ते माझ्या नावानिशी खाली लिहा. मी सही करतो. आणि दोराचे आकडे यांना विचारा."

श्रीपतीने कार्ड उचलले. जवळ धरून, दूर धरून पाहिले. स्वतःचेच अक्षर त्याने सावकाश वाचले, पहिल्यांदा वाचावे तसे.

"न जेवता गेलास," तो म्हणाला, "तवाच कळाय पायजे हुतं." मग चराच्या खळग्याकडे पाहत, "आबा खणतच हुता की रं. म्या जाऊन थांबिवला त्येला."

मी क्षमा मागितली नाही. मागण्याजोगी ती राहिलेली नव्हती, आणि त्यानेही ती देण्यासारखे तोंड केले नाही. तो अश्विनीकडे वळला. "लिव्हा," म्हणाला. तीनही आकडे त्याने न अडखळता सांगितले. तिने ते वेगळ्या पानावर, त्याच्या नावाखाली लिहून घेतले, आणि खुणा शोधायला पाणबुड्या आणता येईल का, असे विचारले. बघू, तो म्हणाला.

मी टेप घेतली. टोकाला खडू घासला. बोटे निळी झाली. कठड्यावर वाकलो.

"टेप कशाला?" मागून श्रीपती म्हणाला. "हात घाल."

मी गुडघे टेकले. पाणी तिथेच होते. काळे, स्थिर, दगडाच्या काठोकाठ. माघाच्या अमावास्येला, नदी आटलेली असताना. माझा हात मनगटापर्यंत सहज बुडाला. ते कोमट होते. हाताखाली कुठेतरी आबांच्या पायऱ्या होत्या, आणि त्याखाली त्या तीन खुणा, एकीवर एक. मी हात बाहेर काढला. ओंजळीतले चार थेंब तोंडात घेतले आणि थुंकले.

श्रीपती वर घराकडे चालू लागला होता. अर्ध्या उतारावर थांबून, मागे न वळता त्याने सांगितले की भाकरी झाली आहे, जेवून जा. आम्ही गेलो. जेवलो. तांब्यातले पाणी दुसऱ्या गावाहून टँकरने आलेले होते.

कोल्हापूर येईपर्यंत माझा हात वाळला. निळा खडू निघून गेला होता. तिन्ही बोटांवर बारीक पांढरा थर होता, उन्हात चमकणारा. तो पाण्याने गेला असता. मी तो धुतला नाही.